प्रोसेसरवर वाजवणाऱ्या पोरांना खोटं ठरवू नका

गेल्या हिवाळ्यात एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत माझी विद्यार्थिनी गिटार वाजवून स्टेजवरून उतरली. परीक्षकांनी तिला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "बोटं चांगली आहेत तुझी, पण टोन खोटा आहे. डिजिटल आहे ना हे? कधीतरी खऱ्या ट्यूब ॲम्पवर वाजव, मग कळेल." ही मुलगी औसा तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने लातूरला येते. घरची चार एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन. दोन वर्षं लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने पैसे साठवले आणि एक साधा प्रोसेसर घेतला. ट्यूब ॲम्प तिने अजून डोळ्यांनीही पाहिलेला नाही. परत येताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "ताई, मग मी इतके दिवस ऐकत होते ते काय होतं?"

तिला प्रोसेसर घ्यायला मीच सांगितलं होतं आणि पुढच्या मुलालाही तेच सांगणार आहे. त्यामुळे तिच्या प्रश्नाचं उत्तर देणं माझ्यावर आहे.

ज्यांचा गिटारशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जात नाही. तारांखालच्या पिकअपमधून निघालेली क्षीण लहर ॲम्प मोठी करतो, आणि मोठी करता करता तिचा रंग बदलतो. लोक ज्याला गिटारचा आवाज म्हणतात त्यातला अर्धा हा ॲम्पचा असतो. जुने ॲम्प काचेच्या व्हॉल्व्हवर चालतात, गिटारवाले त्यांना ट्यूब म्हणतात. आता तेच काम संगणकाची चिप करते. ती व्हॉल्व्ह ॲम्पच्या वागण्याचं गणित मांडते आणि त्या गणिताने आवाज घडवते. यालाच मॉडेलिंग म्हणतात. आमच्याकडे सगळे सरसकट 'प्रोसेसर' म्हणतात, मीही तसंच म्हणते.

व्हॉल्व्हशी माझं वैर असण्याचं कारण नाही, मी त्यांच्यातच वाढले. लातूरच्या गंजगोलाईजवळ आमच्या अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्या लहानपणी बाजारात ट्रान्झिस्टर कधीच आले होते, तरी खेड्यांतून मर्फी, फिलिप्स, बुशचे जुने लाकडी सेट पोत्यात गुंडाळून दुकानात यायचे. अण्णा मागचा पुठ्ठा काढायचे, बटण लावायचे आणि स्वस्थ बसायचे. आधी तापलेल्या धुळीचा आणि मेणाचा वास यायचा. मग काचेच्या पोटात नारिंगी ठिपका दिसायला लागायचा. मी घाई केली की म्हणायचे, "तापू दे गं. तापल्याबिगर बोलत नसतंय ते." मग पेन्सिलीच्या लाकडी टोकाने एकेका व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारायचे. ज्याची टिचकी स्पीकरमधून घंटेसारखी वाजायची तो आतून सैल झालेला. वीस-पंचवीस वर्षं जुनं यंत्र, आणि कुठला भाग थकलाय हे टिचकीवर कळायचं.

व्हॉल्व्ह करतो काय, ते अण्णांनीच मला समजावलं होतं. जायकवाडीच्या कालव्याचं दार बोटभर वर-खाली केलं की पुढे केवढं तरी पाणी कमी-जास्त होतं. व्हॉल्व्हमध्ये मधली जाळी म्हणजे ते दार. गिटारची लहर जाळीवर येते आणि तीनशे-चारशे व्होल्टच्या दाबाने वाहणारा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह तिच्या तालावर हलतो. दार पूर्ण उघडल्यावर आणखी मागणी केली तर पाणी येणार कुठून? तिथे लहरीचा माथा दबायला लागतो. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये तो बऱ्याचदा एकदम कापला जात नाही, हळूहळू चेपला जातो. त्या चेपण्यातून मूळ सुरात नसलेले वरचे स्वर जन्माला येतात, आवाज जाड आणि खरखरीत होतो. जोरात तार ओढली की वीजपुरवठ्याचा भागही क्षणभर दमतो, सूर आधी दबतो आणि मग फुलतो. हलकं वाजवलं की तोच ॲम्प स्वच्छ बोलतो. बोटाखाली काहीतरी जिवंत आहे असं वाटतं ते यामुळे. पुण्यात शिकत असताना हे मी अनुभवलंय. तो फरक भ्रम आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

माझं भांडण 'खोटा' या शब्दाशी आहे.

ज्या आवाजाला आज खरा म्हणतात त्याचा जन्म कसा झाला ते बघा. १९६० च्या सुमारास लंडनमध्ये अमेरिकेचे फेंडर ॲम्प आयात होऊन यायचे आणि तरुण वादकांना ते परवडत नव्हते. जिम मार्शल यांचं तिथे वाद्यांचं दुकान होतं. त्यांच्या माणसांनी फेंडरचा बासमन हा ॲम्प समोर ठेवला आणि त्याच्या सर्किटवरून स्वतःचा ॲम्प बांधला. भाग मात्र इंग्लंडात मिळतील ते. लवकरच व्हॉल्व्ह बदलले, ट्रान्सफॉर्मर वेगळा आला, दहा इंची स्पीकरच्या जागी सेलेशन कंपनीचे बारा इंची आले. १९६२ चा जेटीएम ४५ तो हा. म्हणजे जगभरच्या रॉक संगीताला आवाज देणाऱ्या कंपनीचा पहिला ॲम्प हीच मुळात नक्कल होती. मूळ वस्तू परवडत नाही म्हणून हाताशी असलेल्या सामानातून केलेली नक्कल. आणखी मागे गेलात तर लिओ फेंडर यांची सगळी धडपड आवाज स्वच्छ ठेवण्याची. तो फाटू लागला की त्यांच्या दृष्टीने यंत्र कमी पडलं. वादकांनी मात्र तो फाटका आवाजच उचलला. दोष, नक्कल, तडजोड यांतून आलेल्या आवाजाला साठ वर्षांनी आपण शुद्धतेचं प्रमाणपत्र देतो आणि औशाच्या पोरीला खोटं म्हणतो, हे मला मान्य नाही.

तिच्या प्रश्नाचा दुसराही भाग आहे. ती ऐकत होती ते काय? ती ऐकत होती स्पीकरसमोर ठेवलेल्या मायक्रोफोनने टिपलेला ॲम्प. तुम्ही-आम्ही ध्वनिमुद्रणात आजवर जी विजेची गिटार ऐकली ती बहुतेक अशीच माइकमधून आली. ॲम्प खोलीत आपल्या पायाशी गरजतो तेव्हा छाती हलते, तो अनुभव वेगळाच, आणि रेडिओ-कॅसेट-मोबाइलवर वाढलेल्या लातूर-नांदेडच्या मुलाला तो कधी मिळालेलाच नाही. प्रोसेसर देतो तो ध्वनिमुद्रणातला आवाज. त्यात स्पीकरच्या पेटीचा आणि माइकचा ठसासुद्धा गणिताने धरलेला असतो. 'डिजिटल मेलेलं वाटतं' म्हणणारे पुष्कळदा खोलीतल्या ॲम्पची तुलना हेडफोनमधल्या ध्वनिमुद्रित आवाजाशी करत असतात. दोन्ही आवाज पडद्याआड एकाच स्पीकरमधून, एकाच पातळीवर ऐकवा, मग निवाडा करा.

आता आमच्या वीजपुरवठ्याबद्दल. हे पुण्या-मुंबईत बसून कळत नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजच्या गॅदरिंगला आमचा कार्यक्रम होता. पुण्याचा एक मित्र स्वतःचा पन्नास वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प गाडीत घालून घेऊन आला. संध्याकाळी मंडपात ॲम्प लावला तर आवाज मरगळलेला. तो कधी नॉब फिरवे, कधी वायर बदले. मी साउंडवाल्याचा मीटर लावून पाहिला, लाइन १८५ व्होल्टवर होती. पाहिजेत २३०. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात, तिथे पाचच्या आसपास मिळत होते, म्हणजे तो पुरता तापतच नव्हता. सात वाजता लाइन गेली. डीपीवर काहीतरी झालं म्हणाले. जनरेटर सुरू झाला, आणि मंडपातले दिवे लख्ख पेटावेत म्हणून जनरेटरवाल्याने त्याचा वेग वाढवून ठेवला. मीटरवर २६५. आम्ही दुसऱ्या गाण्यात होतो. मी सहज मागे पाहिलं तर ॲम्पच्या जाळीआड एका व्हॉल्व्हची प्लेट, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे जाऊन पोचतात तो आतला पत्रा, लालबुंद झालेली. हीटरचा नारिंगी ठिपका मी लहानपणापासून ओळखते, हा लाल तसला नव्हता. मी ओरडले, मित्राने धावत जाऊन बटण बंद केलं, पण तोवर फ्यूज गेला होता आणि ट्रान्सफॉर्मरच्या वार्निशचा जळका वास सुटला होता. मित्र खाली बसून त्या पेटीवर हात ठेवून होता, पोळत होतं तरी. तो ॲम्प दुरुस्तीला मुंबईला गेला आणि चार महिन्यांनी परत आला. त्या रात्रीची उरलेली गाणी आम्ही एका विद्यार्थ्याच्या छोट्या प्रोसेसरवरून थेट मिक्सरमध्ये वाजवली. त्याचा ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही चालणारा. जनरेटर ताळ्यावर आणल्यावर त्याने रात्रभर कुरकूर केली नाही.

यात खर्चाची गोष्ट मी अजून काढलेली नाही. नाव असलेल्या कंपनीचा चांगला व्हॉल्व्ह ॲम्प हातात पडेपर्यंत लाखाच्या घरात जातो. त्यात व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात. हे व्हॉल्व्ह आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियाने निर्यातीवर बंधनं घातली तेव्हा सारातोव्हच्या कारखान्यातला माल अडकला आणि जगभरचे गिटारवाले हवालदिल झाले. कधीकाळी आपल्या बंगळुरूत भारत इलेक्ट्रॉनिक्स रेडिओचे व्हॉल्व्ह बनवत असे, अण्णांच्या दुकानात ते डबे असायचे. ते दिवस गेले. आणि वजन! साठच्या दशकातल्या नमुन्यावर आजही निघणारा फेंडरचा ट्विन रिव्हर्ब जवळपास २९ किलोचा आहे. २०१९ मध्ये खुद्द फेंडरनेच त्याची डिजिटल आवृत्ती काढली, ती १५ किलोच्या आसपास भरते. मूळ कंपनीला ज्यात कमीपणा वाटत नाही त्यात आपल्या परीक्षकांनी वाटून घेऊ नये.

सुरुवातीचे प्रोसेसर खरंच कच्चे होते, हे मान्य करते. १९९८ मध्ये लाइन ६ चा पॉड आला तेव्हा त्या लाल घेवड्याच्या आकाराच्या डबीचं कौतुक झालं, पण हळू-जोरात वाजवण्याला ती हवा तसा प्रतिसाद देत नसे. त्या काळी ज्यांचं मत बनलं ते अजून तिथेच आहेत. मधल्या पंचवीस वर्षांत सर्किटमधल्या एकेका भागाचं गणित सोडवणारी यंत्रं आली. मग खऱ्या ॲम्पमध्ये ठरावीक ध्वनी सोडून, बाहेर काय येतं ते ऐकून त्याची छाप घेणारी आली. आता तर अशी छाप घेणारं स्टीव्हन ॲटकिन्सन यांचं न्यूरल ॲम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं आहे. आवाज पोचायला काही मिलिसेकंद उशीर होतो अशी तक्रार असते, पण हवेत आवाजाला एक मीटर जायलाच तीन मिलिसेकंद लागतात. ॲम्पपासून दोन पावलं लांब उभं राहिलं तरी तेवढा उशीर झालाच.

आपल्याला हा वाद नवा नाही. हार्मोनियम परदेशातून आलेली, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड न निघणारी, श्रुती न सांभाळणारी, म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने ती बाहेर ठेवली. आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने बरोबर होता. तरी त्या सगळ्या वर्षांत आमच्या गावोगावच्या सप्ताहात, भजनात, भीमजलशात पेटी वाजत राहिली आणि पेटीवरच माणसं सुरात आली. आज घरोघरी गाणारी मुलं इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर रियाज करतात. तंबोऱ्याच्या जवारीची सर त्याला नाही, हे प्रत्येक गुरू जाणतो. म्हणून कुठला गुरू शिष्याला "तुझा षड्ज खोटा" असं म्हणतो का?

डिजिटलच्या बाजूने बोलताना एक गोष्ट मात्र मला मनापासून खुपते. अण्णांच्या हाताखालून पंचवीस वर्षं जुना रेडिओ बोलता होऊन जायचा. प्रोसेसरचा बोर्ड गेला तर कुणी टिचकी मारून सांगू शकत नाही. गेल्या वर्षी विजेच्या कडकडाटात एका मुलाचा प्रोसेसर बंद पडला. सेवा केंद्राचं उत्तर आलं की हे मॉडेल बंद झालं, नवीन घ्या. चार वर्षांचं यंत्र! हा सरळ अन्याय आहे आणि व्हॉल्व्हवाले या मुद्द्यावर बोलतात तेव्हा मी त्यांच्या बाजूला असते. दुसरं म्हणजे त्या डबीत शे-दोनशे तयार टोन भरलेले असतात आणि मुलं तासन्‌तास फक्त ते बदलत बसतात. माझ्या वर्गात नियम आहे, सहा महिने एकच टोन. एकाच ॲम्पचं मॉडेल, तीन नॉब आणि दोन हात. त्याच टोनवर हलकं वाजवून स्वच्छ आणि जोरात वाजवून खरखरीत काढून दाखवलं की मग दुसरा. परीक्षकांनी माझ्या विद्यार्थिनीची बोटं चांगली म्हटली ना, ती अशी झाली आहेत.

स्पर्धेनंतर महिनाभराने आम्ही एक काम केलं. अण्णा आता ७८ वर्षांचे आहेत, दुकान कधीच बंद झालंय, पण माळ्यावर एक फिलिप्सचा सेट त्यांनी जपून ठेवला होता. तो खाली काढला. त्यातला शेवटचा व्हॉल्व्ह ईएल ८४. ब्रिटनच्या ज्या व्हॉक्स एसी ३० ॲम्पवर जग जीव टाकतं, त्यात हेच व्हॉल्व्ह चार असतात. मुलांना हे सांगितलं तेव्हा ती त्या पेटीभोवती गोळाच झाली. सेट ट्रान्सफॉर्मरवाला होता म्हणून मी परवानगी दिली. एसी-डीसी सेट असता तर हात लावू दिला नसता, त्याची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट लाइनला जोडलेली असते आणि माणूस दगावू शकतो. अण्णा खुर्चीवर बसून बजावत होते, "पोरहो, बटण बंद केलं म्हणून हात घालू नका. कपॅसिटरात जीव ऱ्हातो त्याच्या." फिल्टरचे कपॅसिटर त्यांनी स्वतः बदलले, डाग देताना हात थरथरत होता पण टाका एकदाही चुकला नाही. मागे ग्रामोफोन जोडायची जागा होती, तिथून गिटार आत दिली.

सेट तापला. त्या औशाच्या मुलीने एक सूर वाजवला. लाकडी पेटीतून, जुन्या कागदी स्पीकरमधून असा किनरा, कडेला फाटणारा आवाज आला की कुणी काही बोललंच नाही. मग आम्ही स्पीकरसमोर माइक ठेवला, सॉफ्टवेअरचा तीन-एक मिनिटांचा चाचणी ध्वनी रेडिओतून वाजवला, बाहेर आलेला आवाज मुद्रित केला आणि संगणकाला शिकायला दिला. काही मिनिटांत छाप तयार, काहीशे केबीची फाइल. ती उघडून मुलीने तोच सूर पुन्हा वाजवला. अण्णांनी डोळे मिटून दोन्ही ऐकले आणि म्हणाले, "पहिल्यात घरघर जास्त हाय. बाकी तोच हाय की." ती घरघर पन्नास हर्ट्झच्या विजेची होती. लातूरच्या लाइनची.

लंडनच्या नकलेची नक्कल एवढ्यावर हे तंत्र थांबत नाही, हे मला त्या दिवशी नीट कळलं. गावच्या जत्रेत भोंग्यातून फाटत येणारा बँजो, जलशातला जुना माइक, लग्नातल्या ऑर्केस्ट्राचा अतिताणलेला ॲम्प्लिफायर, हे आमचे आवाज आहेत. त्यांच्या छापा आमची मुलं घेऊ शकतात. या आवाजांचा ॲम्प कुठलीही कंपनी काढणार नाही.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की परीक्षकांना मुलांचा टोन जरूर तपासू द्या. कर्कश आहे का, गाण्याला शोभतो का, हाताला ओ देतो का, हे बघू द्या. यंत्र कुठलं हे गुणपत्रिकेत येता कामा नये. आणि मराठवाड्यातल्या ज्या महाविद्यालयांकडे सांस्कृतिक विभागासाठी थोडाफार निधी येतो त्यांनी एका मोठ्या व्हॉल्व्ह ॲम्पवर तो घालवू नये. त्यात चार-पाच प्रोसेसर, हेडफोन आणि एक चांगला मॉनिटर स्पीकर येईल, पोरांना घरी न्यायला देता येतील. पण जिल्ह्यात कुठेतरी एका ठिकाणी पाच वॅटचा एक छोटा व्हॉल्व्ह ॲम्प हवाच, चांगल्या स्टेबलायझरवर. तो मुलांनी ऐकावा, त्यावर बोटं ठेवावीत, आपल्या प्रोसेसरमधलं गणित कशाचं आहे ते अंगाने समजून घ्यावं. तो आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी सांभाळावा, म्हणजे दुरुस्तीला मुंबई गाठावी लागणार नाही. टिचकी कशी मारायची, लाल प्लेट कशी ओळखायची, कपॅसिटर रिकामा कसा करायचा हे शिकवायला कोण येणार असं एका प्राध्यापकांनी मला विचारलं. मी अण्णांना विचारून ठेवलंय. शनिवारी सकाळी, ऊन व्हायच्या आत, कुणी न्यायला-आणायला आलं तर ते यायला तयार आहेत.